मेंदूचा कासरा

पाच-सहा वर्षांपूर्वीची, पोळ्याच्या आठवड्यातली गोष्ट. आर्वी रस्त्याकडच्या एका खेड्यातला चाळिशीचा शेतकरी पोट दुखते म्हणून दवाखान्यात आला. डोळे पिवळसर, यकृत दोन बोटे वाढलेले आणि सकाळी दहा वाजता तोंडाला वास. मी नेहमीचे भाषण सुरू केले. लिव्हर खराब होईल, लेकरे उघड्यावर पडतील, आजपासून थेंबही नको. तो मान खाली घालून ऐकत होता. बायको शेजारी उभी होती. शेवटी तो म्हणाला, "साहेब, खांदशेकणीले बैलाच्या खांद्यावर हात ठेवून शपथ घेतो. त्याच्यानंतर हात लावला त सांगजा."

त्याने शब्द पाळला. खांदशेकणीच्या सकाळपासून एक थेंब घेतला नाही. संध्याकाळी त्याला दरदरून घाम सुटला, हात असे कापायला लागले की चहाची बशी धरवेना. पोळ्याच्या पहाटे झटका आला. डोळे फिरले, दात आवळले, हातपाय ताठ होऊन आपटू लागले. दोन मिनिटांत थांबले. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, मिरगी म्हणाले. त्या दिवशी त्याचे बैल तोरणाखाली पुतण्याने नेले. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, त्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. अंगावरचे किडे झटकत तो रात्रभर बसून होता आणि मेलेल्या बापाशी बोलत होता. मग गावातला जाणता आला, अंगारा झाला, लिंबाचा पाला झाला. यात आणखी एक रात्र गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला ऑटोत दोरीने बांधून माझ्याकडे आणले. ताप १०३, नाडी १४०, मला ओळखतही नव्हता. बायको एवढेच म्हणाली, "तुमीच त म्हणलं होतं साहेब, आजपासून थेंब नाही. मंग असं काहून झालं?"

तिचा प्रश्न बरोबर होता. मी त्याला दारू सोड म्हणालो. रोज किती पितोस, किती वर्षांपासून, सकाळी उठल्यावर हात कापतात का, हे तीन प्रश्न विचारले नाहीत. विचारले असते तर त्याला असा एकदम मोकळा सोडला नसता. त्याला पहिले इंजेक्शन देऊन सेवाग्रामला पाठवले, आठवडाभरात तो सावरला. पण त्या बाईला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. आजचा लेख म्हणजे ते उत्तर आहे. ते थोडे लांबचे आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशी विजेचा बारीकसा ठोका तयार करते आणि शेजारच्या पेशींना पोचवते. दोन पेशींच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते. तिथे वीज उडी मारत नाही, पेशी एक रसायन सोडते आणि ते पलीकडच्या पेशीला जाऊन चिकटते. चिकटण्याच्या जागेला रिसेप्टर म्हणतात. किल्ली आणि कुलूप समजा. एका जातीची किल्ली लागली की पलीकडची पेशी पेटते, दुसऱ्या जातीची लागली की शांत होते. पेटवणाऱ्या रसायनांत मुख्य ग्लुटामेट. शांत करणाऱ्यांत मुख्य गाबा. पूर्ण नाव गामा अमायनो ब्युटिरिक ॲसिड, पण गाबा पुरे.

आपल्याला वाटते की मेंदूचे काम म्हणजे पेशी पेटवणे. विचार आला, पेशी पेटली, हात हलला. शंकरपट पाहिलेल्या माणसाला मात्र वेगळे सांगावे लागणार नाही. जोडीत ताकद कितीही असो, धुरकऱ्याच्या हातातला कासरा सुटला की तीच ताकद जोडीला तासाबाहेर, बघ्यांच्या अंगावर घेऊन जाते. मेंदूत हा कासरा गाबाच्या हाती आहे. एक पेशी पेटली की आजूबाजूच्या शंभर पेशींना "तुम्ही थांबा" असे सांगावे लागते, म्हणून तर ठरलेले एकच बोट हलते. हे थांबवणे क्षणोक्षणी चालू असते, झोपेतसुद्धा. ते कमी पडले तर मनात काळजी, छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. फारच कमी पडले तर लाखो पेशी एकाच वेळी, एकाच तालात पेटतात. त्यालाच आपण झटका, फिट किंवा मिरगी म्हणतो.

मौजेची गोष्ट अशी की कासरा आणि चाबूक एकाच चामड्याचे आहेत. ग्लुटामेटचा एक तुकडा काढला की त्याचाच गाबा होतो. हे काम करणाऱ्या एन्झाइमला ब-६ जीवनसत्त्व लागते. क्षयाच्या औषधांतले आयसोनियाझिड हे या ब-६ च्या आड येते. म्हणून त्या गोळ्यांबरोबर ब-६ ची लहानशी गोळी देतात. ती मुख्यतः हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून असते. पण रागाच्या भरात कोणी क्षयाच्या गोळ्यांची पाकिटेच्या पाकिटे गिळली तर मेंदूत गाबा बनणे थांबते आणि एकामागून एक झटके येतात. तिथे ब-६ चे इंजेक्शन हाच खरा उतारा.

गाबा मेंदूत असतो हे १९५० साली अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स आणि जॉर्ज अवापारा यांनी वेगवेगळे दाखवले. तो काय करतो हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. त्याचे कुलूप मोठे विलक्षण आहे. प्रथिनांचे पाच तुकडे गोल करून उभे केलेले, आणि मधोमध नळी. एरवी नळी बंद. गाबाचे दोन कण बाहेरून ठरलेल्या खाचांत बसले की नळी सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती उघडते आणि क्लोराइड आत शिरते. क्लोराइड म्हणजे आपल्या खायच्या मिठाचा अर्धा भाग. बोर धरणाच्या कालव्यावरची फाटके ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी तसलेच फाटक डोळ्यांसमोर आणावे. पाण्याऐवजी क्लोराइड, एवढाच फरक. क्लोराइडवर ऋण विद्युतभार असतो. विश्रांतीतल्या पेशीच्या आत आधीच ऋण ७० मिलिव्होल्टच्या आसपास भार असतो, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या साधारण विसाव्या भागाइतका. पेशी पेटायची तर तो भार कमी व्हावा लागतो. क्लोराइड आत आले की तो कमी होऊ शकत नाही. पेशी पेटत नाही. याला गाबा-ए रिसेप्टर म्हणतात. गाबा-बी नावाचा दुसराही आहे. तो सावकाश काम करतो, आणि पाठीच्या कण्याला मार लागून ताठरलेल्या पायांसाठी देतात ती बॅक्लोफेनची गोळी त्याच्यावर चालते. आज आपला संबंध पहिल्याशी.

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत गाबाचा एक भाऊ हेच काम करतो, ग्लायसीन त्याचे नाव. हात वाकवताना पुढचा स्नायू आवळतो तेव्हा मागचा सैल पडावा लागतो. हे सैल पाडणे ग्लायसीन आणि गाबा करतात. ते नसेल तर काय होते, हे मी १९९० च्या दशकात शिकाऊ डॉक्टर असताना धनुर्वाताच्या वॉर्डात पाहिले. अंधारी खोली, खिडक्यांना काळे पडदे. कोणी भांडे पाडले तरी रोग्याचे शरीर धनुष्यासारखे वाकायचे, आणि शुद्ध पूर्ण असायची. धनुर्वाताचे विष नसांमधून मज्जारज्जूत पोचते आणि तिथल्या पेशींना गाबा आणि ग्लायसीन सोडूच देत नाही. पुढचे आणि मागचे सगळे स्नायू एकदम आवळतात. बाळाच्या नाळेला शेण-राख लावण्याच्या रीतीपायी किती तान्ही लेकरे अशी गेली, ते जुन्या सुईणींना विचारा. गरोदरपणातली लस आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांनी हे बदलले. माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी तो पाहिलेलाही नाही, आणि त्यांनी तो पाहू नये हेच बरे.

कुचल्याच्या बियांतले विष थेट ग्लायसीनच्या कुलपात बसून ते अडवते. एके काळी मोकाट कुत्री मारायला हेच वापरत. ज्यांनी ते कुत्र्याचे मरण पाहिले आहे ते विसरणार नाहीत. वैद्यांच्या औषधांत कुचला शुद्ध करून येतो हे मला माहीत आहे, पण जंगलातून बिया आणून घरी उगाळण्याचा उद्योग कोणी करू नये.

आपल्या कापसाच्या जिल्ह्यात गाबाच्या फाटकाचा आणखी एक शत्रू वर्षानुवर्षे फवारला गेला, एंडोसल्फान. बोंडअळीसाठी घरोघरी त्याचे डबे असायचे. कीटकांच्या मज्जातंतूंतही गाबाची फाटके आहेत. एंडोसल्फान त्या नळीत बूच मारते, अळी तडफडून मरते. माणसाचे फाटक त्याच जातीचे, म्हणून फवारणी करणाऱ्यालाही झटके येतात. २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर बंदी घातली. आज बाजारात असलेले फिप्रोनिल याच फाटकावर काम करते. ते कीटकाच्या फाटकाला जास्त आणि माणसाच्या फाटकाला कमी चिकटते, एवढाच दिलासा, पिण्यात गेले तर तोही पुरत नाही. इथे एक गोष्ट शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावी. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांच्या विषबाधेवर ॲट्रोपिनचे इंजेक्शन उतारा म्हणून चालते, फाटकात बूच मारणाऱ्या विषावर ते चालत नाही. तिथे झटके थांबवणारी औषधेच द्यावी लागतात. म्हणून फवारणीत कोणाला विषबाधा झाली तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, आणि औषधाची बाटली किंवा डबा रोग्याबरोबरच दवाखान्यात आणा. नुसते "कापसाचं औषध" म्हणून भागत नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे.

दारूचा कण गाबा-ए फाटकाला चिकटतो आणि ते नेहमीपेक्षा जास्त उघडे ठेवतो. त्याच वेळी ग्लुटामेटच्या एका मोठ्या दरवाजाला ती अडसर लावते. कासरा आवळला, चाबूक काढून घेतला. म्हणून पहिल्या दोन घोटांत काळजी उतरते, जीभ सैल होते. आणखी घेतली की चाल अडखळते, मग झोप, आणि फारच झाली तर श्वास. अधूनमधून पिणाऱ्याच्या मेंदूत सकाळपर्यंत हे सारे जागच्या जागी येते.

रोज पिणाऱ्याच्या मेंदूत काय होते? मेंदू बावळट नाही. रोज कोणी तरी फाटकावर भार टाकते आहे हे त्याला कळते, आणि तो हिशेब बदलतो. गाबाची फाटके कमी करतो, आहेत त्यांचे तुकडे बदलून ती कमी दाद देतील अशी करतो. उलट ग्लुटामेटचे दरवाजे वाढवतो. महिन्यांमागून महिने हा बदल मुरतो. माणूस म्हणतो, "मले क्वार्टरनं काही होत नाही." होत नाही कारण त्याच्या मेंदूने दारू धरूनच तोल साधलेला असतो. आता तो एका सकाळी शपथ घेतो आणि दारू बंद करतो. फाटकावरचा भार एका रात्रीत गेला, पण मेंदूने केलेले बदल तसेच आहेत. फाटके थोडी, तीही कमी दाद देणारी, आणि पेटवणारे दरवाजे दुप्पट जोरात. ही घडी परत बसायला दिवस, आठवडे लागतात. मधल्या काळात कासरा कोणाच्याच हातात नसतो.

त्याचे वेळापत्रकही ठरलेले आहे. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात कापतात, घाम येतो, मळमळते. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेले किडे-मुंग्या दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. यात जीव जाऊ शकतो. खांदशेकणी, पोळा, तान्हा पोळा, माझ्या रोग्याने एकेक पायरी अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी चढली होती. त्यात बाहेरचे काही नव्हते.

वर्धा हा गांधीजींचा जिल्हा म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून इथे दारूबंदी आहे. दारूबंदी असावी की नसावी हा आजच्या सदराचा विषय नाही. डॉक्टर म्हणून मला एवढे दिसते की दारू मिळते, पण तिचा नेम नसतो. मोहाची कधी कडक, कधी पाणचट. पोलिसांची मोहीम निघाली, सडव्याचे ड्रम उलटले, की गावात चार-पाच दिवस ठणठणाट. ज्यांनी सोडायचे मनातही आणलेले नसते अशांची दारू त्या दिवसांत सक्तीने सुटते, आणि दोन दिवसांनी त्यांच्यापैकी कोणी तरी झटका आला म्हणून माझ्या दवाखान्यात असतो. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल महिन्यातही हेच पाहिले. आयुष्यात कधी मिरगी नसलेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला पहिल्यांदाच झटका आला, तर बाकी तपासण्यांबरोबर मी आता हळूच विचारतो, गावात माल मिळणे बंद झाले आहे का?

उपाय आहे आणि तो जुनाच आहे. दारू ज्या फाटकावर भार टाकत होती त्याच फाटकावर टेकणारे, पण मोजून देता येणारे औषध द्यायचे आणि पाच-दहा दिवसांत ते उतरवत न्यायचे. क्लोरडायझेपॉक्साइड हे त्यातले पहिले, १९६० पासून वापरात आहे. ज्यांचे यकृत खराब आहे त्यांना दुसरे देतात. सोबत ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेले असते. आपल्याकडे अशक्त माणूस दिसला की नातेवाईक म्हणतात, "साहेब, एक ग्लुकोजची सलाईन लावून द्या." पिणाऱ्याला ब-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले तर उरलेसुरले ब-१ त्यात खर्च होते, आणि डोळे, तोल आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून दवाखान्यात पिण्याची गोष्ट लपवू नका. इतकी वर्षे लपवली, त्या एका दिवशी सांगा.

ज्याचे हात सकाळी पेला घेतल्याशिवाय थांबत नाहीत, ज्याला मागे कधी दारू सोडताना झटका किंवा भ्रम झाला आहे, त्याने घरी एकदम बंद करू नये. आधी डॉक्टरकडे यावे, गरज पडली तर पाच दिवस भरती व्हावे. आणि भ्रम सुरू झालेल्या माणसाच्या तोंडात "थोडी पाजा, उतरेल" म्हणून काही ओतू नये. ते श्वासनळीत जाते.

आता काही वाचक म्हणतील, आमच्या घरी कोणी पीत नाही. मग तुमच्या उशाखालची पट्टी पाहू या.

एक निवृत्त शिक्षिका माझ्या जुन्या रोगी. यजमान गेले तेव्हा झोप येईना म्हणून कोणी तरी अल्प्राझोलामची लहानशी गोळी दिली. दोन आठवड्यांसाठी दिलेली गोळी अकरा वर्षे चालली, पुढे एकीच्या दोन झाल्या. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला गेल्या आणि गोळ्या घरीच राहिल्या. बाईंनी विचार केला, बरेच झाले, या निमित्ताने सुटतील. पहिल्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी दिव्याचा उजेड सहन होईना, हात कापायला लागले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात झटका येऊन पडल्या, मनगट मोडले. पुण्यातल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, तो स्वच्छ. फोनवर मुलीने मला सारे सांगितले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, आईची झोपेची गोळी चालू आहे ना?

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही सारी एकाच घरातली भावंडे. गाबा-ए फाटकावर गाबाच्या खाचेपासून थोडी वेगळी एक खाच आहे, तिथे ती बसतात. ती खाच १९७७ साली सापडली, तोवर औषध वापरात येऊन सतरा वर्षे झाली होती. ही औषधे स्वतः फाटक उघडत नाहीत, गाबा आला की ते जास्त वेळा उघडते. म्हणून ती गार्डिनलच्या जातीच्या जुन्या औषधांपेक्षा पुष्कळ सुरक्षित. गार्डिनल फाटक जास्त वेळ उघडे धरते, आणि मोठ्या मात्रेत गाबाशिवायही उघडते. पण सुरक्षित ती एकटी असताना. दारूबरोबर झोपेची गोळी घेतली तर एकाच फाटकावर दोघे टेकतात आणि झोपेत श्वास थांबू शकतो.

रोज घेतली की या गोळीचीही मेंदू सवय करून घेतो, अगदी दारूसारखीच. म्हणून ती चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवसांपुरतीच घ्यायची. मार्च २०१४ पासून यांतल्या काही गोळ्या औषधांच्या एच-१ यादीत आहेत. दुकानदाराला वेगळ्या वहीत रोग्याचे आणि डॉक्टरचे नाव लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. ओळखीच्या दुकानातून "नेहमीची पट्टी द्या" म्हणणारे आणि देणारे, दोघांनीही हे मनावर घ्यावे. माझ्या धंदेबंधूंनीही घ्यावे, कारण पहिली चिठ्ठी आपलीच असते. ज्यांची गोळी वर्षानुवर्षे चालू आहे त्यांनी घाबरून ती आज फेकू नये. ती डॉक्टरच्या सल्ल्याने दोन-चार आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत जायची, कधी त्याला वर्षही लागते. बाईंची आम्ही चौदा महिन्यांत बंद केली. शेवटच्या पाव गोळीला सर्वांत जास्त दिवस लागले.

मिरगीच्या रोग्यांसाठीही हेच सूत्र. क्लोबाझाम किंवा गार्डिनल चालू असेल तर लग्न ठरले म्हणून, दिवस गेले म्हणून किंवा दोन वर्षे झटका आला नाही म्हणून मनाने थांबवू नका. दिवस गेल्यावर औषध बदलावे लागेलही, पण ते डॉक्टरने बदलायचे.

आणि समोर कोणाला झटका आला तर आधी घड्याळ पाहा. याचे कारणही फाटकातच आहे. झटका चालू राहिला की मेंदूच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरची गाबाची फाटके आत ओढून घेऊ लागतात. जितका वेळ जातो तितकी फाटके कमी, आणि डायझेपामसारख्या औषधाला टेकायला जागाच राहत नाही. पाचव्या मिनिटाला जे औषध झटका थांबवते तेच अर्ध्या तासाने पुष्कळदा थांबवत नाही. म्हणून पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर १०८ ला फोन करा, वाट पाहू नका. तोवर रोग्याला कुशीवर वळवा, गळ्याजवळची गुंडी सोडा, आजूबाजूचे टोकदार सामान दूर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नको. कांदा आणि चप्पल यांनी झटका थांबत नाही. तो बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते. ज्या घरात वारंवार झटके येणारे मूल आहे त्यांनी नाकात मारायच्या मिडाझोलामच्या फवाऱ्याबद्दल डॉक्टरला विचारून ठेवावे. तो घरचे माणूस देऊ शकते.

दारू किंवा गोळी सोडताना मन फार खचले, जगणे नकोसे वाटले, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फोन दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते.

तो शेतकरी गेल्या वर्षी खांदशेकणीच्या चार दिवस आधी दवाखान्यात आला. त्याने सोडलेली पुन्हा धरली नव्हती. बैल विकून आता ट्रॅक्टर भाड्याने घेतो, असे त्याने सांगितले. बरोबर धाकटा भाऊ होता, तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. थोरला म्हणाला, "साहेब, यालेही सोडाची आहे. पोळ्याले शपथ घेतो म्हणते. मी म्हणलं, आधी साहेबाले दाखव."

मी धाकट्याला म्हणालो, हात पुढे कर, बोटे पसर. सकाळचे अकरा वाजले होते. बोटे थरथरत होती. शपथ पोळ्यानंतर घे म्हणालो, आणि त्याला पाच दिवसांसाठी भरती होण्याची चिठ्ठी लिहून दिली.